गिऱ्हाइकाची पारख आणि नोकराची परीक्षा

दुकानदाराला गिऱ्हाइकाची पारख असावी, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात व्यवहाराचे शहाणपण होते, कारण ती पारख करणारा स्वतः दुकानाचा धनी असे. माल त्याचा, गल्ला त्याचा आणि बुडालेली उधारीही त्याचीच. कोणाला उधार द्यावे आणि कोणाला रोखीवाचून दारात उभे करू नये, हे तो आपल्या जबाबदारीवर ठरवी. चुकला तर आपल्या पैशाने चुके. आज मोबाइल फोनच्या चकचकीत दुकानांत हीच पारख एका वेगळ्याच माणसाच्या गळ्यात बांधली गेली आहे. तो धनी नव्हे, पगारी नोकर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास काउंटरमागे उभा राहणारा, कंपनीचा रंगीत सदरा घातलेला मुलगा किंवा मुलगी. आणि पारख कशाची करायची? समोरचा माणूस फोन वापरण्यासाठी घेतो आहे की पुढे विकण्यासाठी, याची. म्हणजे पतीची नव्हे, हेतूची.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाच्या मनातला हेतू ओळखण्याचे काम विक्रेत्याचे नाही. ते त्याच्यावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे, गिऱ्हाइकावरही अन्याय आहे. आणि ज्यांनी ही पुनर्विक्री फायद्याची करून ठेवली आहे त्यांना नामानिराळे राहू देण्याची ती एक सोयीस्कर युक्ती आहे.

हा विषय साहित्य मंडळाच्या पत्रिकेत कशाला, असे काही वाचक विचारतील. आमच्या मंडळाच्या सभासदांची मुले, भाचे, पुतणे आज बँकेत किंवा सरकारी कचेरीत जितके दिसत नाहीत तितके अशा दुकानांत दिसतात. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार येथील जुन्या मराठी घरांतली नवी पिढी अमीरपेठ आणि कुकटपल्लीच्या दालनांत फोन, फ्रिज आणि टीव्ही विकते आहे. त्यांच्या कामाचे बरेवाईट हा आपल्या भाषिक समाजाच्या जगण्याचाच भाग आहे. साहित्याने जगण्याकडे पाठ फिरवावी असे निदान आम्हाला वाटत नाही.

प्रथम हा व्यवहार चालतो कसा ते पाहू. नवा फोन विकत घेऊन तो लगेच दुसऱ्याला विकण्यात नफा का असावा? कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण देशादेशांतील किमतींतला फरक. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ प्रो या फोनची आरंभीची किंमत अमेरिकेत १,०९९ डॉलर होती आणि भारतात १,३४,९०० रुपये. अमेरिकेतील किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो हिशेब जमेस धरूनही अंतर उरतेच. जिथे अंतर, तिथे ते तुडवणारा माणूस उभा राहणारच. दुसरे कारण काळाचे. पहिल्या दिवशी माल थोडा, मागणी मोठी. आठवडाभर थांबण्याची ज्याची तयारी नाही तो वर पैसे मोजतो. तिसरे कारण आपल्या देशात सर्वांत प्रभावी आहे. ते म्हणजे सवलतींची गुंतागुंत. अमुक बँकेचे कार्ड असेल तर इतकी सूट, जुना फोन दिला तर तितकी, सणाच्या चार दिवसांत आणखी काही. एकच फोन एकाच दिवशी चार जणांना चार किमतींना मिळतो. मग ज्याला तो सर्वांत स्वस्त पडतो त्याच्या नावावर घेऊन इतरांना विकणे हा धंदा होतो. सणासुदीत आपले कार्ड दुसऱ्याला वापरायला देऊन दोन पैसे सुटले म्हणून समाधान मानणारे सज्जन आपल्या ओळखीत प्रत्येकाला सापडतील.

ही तिन्ही कारणे काउंटरवर जन्माला येत नाहीत. किंमत कंपनी ठरवते, कर सरकार ठरवते, सवलत बँक आणि विक्रेती कंपनी मिळून ठरवतात, पहिल्या दिवशी कोणत्या शहरात किती नग पाठवायचे हेही वरच ठरते. २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीने ठरावीक वेळी, ठरावीक नग, केवळ ऑनलाइन विकण्याची रीत भारतात रूढ केली. सारा साठा काही सेकंदांत संपल्याच्या बातम्या तेव्हा कौतुकाने छापल्या जात. माल पुरला नाही याचे कौतुक व्हावे, ही व्यापाराच्या इतिहासातली नवीनच गोष्ट होती. टंचाई ही जाहिरात झाली. रांगेचे छायाचित्र हे फुकटचे इश्तहार झाले. अशा रांगेत पुनर्विक्रेता येऊन उभा राहिला तर त्याला बोलावले कोणी, हे निराळे सांगावे लागू नये.

आता त्या काउंटरमागच्या मुलाकडे वळू. त्याला एकाच तोंडाने दोन हुकूम दिले जातात. महिन्याच्या आरंभी, नवा फोन बाजारात येतो तेव्हा, सकाळच्या बैठकीत सांगतात की एका माणसाला एकच नग द्या, धंदेवाल्यांना ओळखा, त्यांना माल देऊ नका. दिलात तर जबाब द्यावा लागेल. त्याच महिन्याच्या अखेरीस, टार्गेट अपुरे राहिलेले असते तेव्हा, तेच साहेब हळू आवाजात विचारतात की तो आबिड्सचा माणूस मागे पाच नग मागत होता, त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे? पहिल्या तारखेला जो चोर असतो तो तीस तारखेला तारणहार होतो. हुकूम बदलतात, पण दोन्ही वेळा सही मात्र त्या मुलाचीच असते. बिल त्याच्या नावाने निघते. चौकशी झाली तर त्याचीच होते.

चौकशी होऊ शकते, कारण आजचा फोन मुका माल राहिलेला नाही. प्रत्येक हँडसेटला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोन पहिल्यांदा सुरू झाला की कुठे सुरू झाला याची माहिती कंपनीकडे जाऊ शकते. हैदराबादच्या दुकानातून विकलेला फोन दुसऱ्या मुलखात किंवा दुसऱ्या देशात सुरू झाला, की माल ‘बाहेर’ गेला अशी नोंद होते. त्यावर उपाय म्हणून काही दुकानांत गिऱ्हाइकासमोरच खोक्याचे सील तोडण्याची आणि फोन तिथेच सुरू करून देण्याची पद्धत पडली. सील तुटलेल्या खोक्याला पुनर्विक्रीच्या बाजारात भाव कमी, हा त्यामागचा हिशेब. पण बायकोच्या वाढदिवसाला बंद खोके हातात द्यावे, अशी साधी हौस असलेल्या नवऱ्याशी हुज्जत घालायची पाळी येते ती कंपनीवर नव्हे, त्या मुलावरच.

आणि ओळखायचे कसे? या नोकरीतल्या मुलांकडून ऐकलेली लक्षणांची यादी आम्ही येथे देतो. जो रोख पैसे मोजतो तो संशयित. जो दोन-तीन कार्डे बाहेर काढतो तोही संशयित. जो रंगाची चौकशी करत नाही, कॅमेरा उघडून पाहत नाही, तो संशयित. जो फोनवर दुसऱ्या कोणाला विचारून उत्तर देतो तो संशयित. जो बिल दुसऱ्याच्या नावाने मागतो, सील तोडू नका म्हणतो, तो तर पक्काच.

ही लक्षणे अगदीच खोटी आहेत असे नाही. पण ती आणखी कोणाला लागू पडतात हेही पाहावे. लातूर-नांदेडकडचा जो शेतकरी सोयाबीनचे पैसे घेऊन मुलीसाठी फोन घ्यायला हैदराबादला येतो तो रोखच मोजतो आणि रंग कोणता हे मुलीला फोनवरच विचारतो. भावाच्या लग्नात नवऱ्या मुलीला द्यायचा फोन घेणारी बहीण बिल दुसऱ्याच्या नावाने मागते आणि सील तोडू देत नाही. साठी उलटलेल्या बापाला कॅमेऱ्याचे काही कळत नाही. परदेशातल्या मुलाने सांगितलेले नाव चिठ्ठीवर लिहून आणलेले असते, तेवढेच तो वाचून दाखवतो. उलट मुरलेला पुनर्विक्रेता मात्र रंग विचारतो, कॅमेरा पाहतो, मुलाबाळांच्या गोष्टी सांगतो. कारण ही यादी त्यालाही पाठ असते. म्हणजे या चाळणीतून अडाणी गिऱ्हाईक खाली पडते आणि सराईत वर राहतो.

दोन प्रसंग आमच्या कानावर आले. एका दुकानात एका मुलीने एका गृहस्थांना दुसरा फोन नाकारला. गृहस्थ दोन जुळ्या लेकींसाठी दोन फोन घ्यायला आले होते. त्यांनी वर तक्रार केली, तेव्हा ‘ग्राहकाशी उद्धट वर्तन’ असा शेरा त्या मुलीच्या नावावर पडला. दुसऱ्या एका दुकानात एका मुलाने एका अत्यंत सभ्य गृहस्थांना दोन दिवसांत चार फोन विकले. ते परराज्यात सुरू झाले, तेव्हा त्या मुलाकडून लेखी खुलासा मागवून त्याचा महिन्याचा इन्सेन्टिव्ह रोखण्यात आला. नाकारले तरी दोषी, दिले तरी दोषी. जी परीक्षा कोणत्याही उत्तराने नापासच होते तिला परीक्षा म्हणत नाहीत.

या ओळखीच्या खटाटोपात आणखी एक विष आहे. त्याविषयी तरी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने बोललेच पाहिजे. लक्षणे संपली की माणूस चेहरा पाहू लागतो. पोशाख पाहतो, आडनाव पाहतो, बोलण्याचा हेल ऐकतो. अमुक वस्तीतला दिसतो, अमुक भाषा बोलतो, म्हणजे धंदेवालाच असणार, हा निर्णय क्षणात होतो आणि तो कोणत्याही कागदावर उमटत नाही. या शहराने मुल्की आणि गैरमुल्की हा वाद भोगला आहे. १९५२ च्या मुल्की आंदोलनाच्या आठवणी आपल्या घरांतील वृद्धांनी सांगितलेल्या आहेत. खिडकीपलीकडच्या माणसाने आपला हेल ऐकून ‘तुम्ही इथले की बाहेरचे’ असे विचारावे, याचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी मोबाइलच्या काउंटरवर तोच प्रश्न नव्या वेषात आला असता गप्प बसू नये. तो प्रश्न विचारणारा आपलाच मुलगा आहे, ही गोष्ट सांत्वनाची नव्हे, अधिक लाजेची आहे.

आता आमच्याविरुद्ध दोन बाजूंनी आक्षेप येतील.

पहिला आक्षेप नीतिवाद्यांचा. ते म्हणतील की पुनर्विक्रेता हा दलाल आहे, समाजाचे रक्त शोषणारी जळू आहे; त्याला ओळखून हाकलले तर बिघडले कोठे? मध्यस्थाविषयीचा हा तिटकारा मराठी मनात खोल रुजलेला आहे. पण तो आपल्या परंपरेचा एकमेव सूर नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त साहुकाराला राज्याची शोभा मानले आहे, त्याच्यामुळे न मिळणारी वस्तू राज्यात मिळते असे सांगितले आहे आणि त्याच्या सन्मानाची चिंता वाहिली आहे. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी नेऊन विकणे हाच व्यापार होय. घाऊक बाजारातून आणून किरकोळ विकणारा वाणी पुनर्विक्रेताच असतो. फरक परवान्याचा, कराचा आणि प्रमाणाचा आहे, पापपुण्याचा नव्हे.

कायदाही हेच सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅमसंग कंपनीच्या छपाईयंत्रांच्या आयातीसंबंधीच्या खटल्यात असा निर्णय दिला की, उत्पादकाने एकदा जगाच्या कोणत्याही बाजारात माल रीतसर विकला की, त्या अस्सल मालाची पुढील विक्री केवळ व्यापारचिन्हाच्या हक्कावर त्याला रोखता येत नाही. म्हणजे विकत घेतलेला फोन पुढे विकणे हा स्वतः गुन्हा नव्हे. गुन्हा कोठे आहे? छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने बंद खोक्यातला माल विकणे हे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांविरुद्ध आहे. कर चुकवणे, दुसऱ्याची ओळखपत्रे खोटेपणाने वापरणे, आयातशुल्क बुडवणे हे गुन्हेच आहेत. ते शोधायला खाती आहेत, निरीक्षक आहेत, पोलीस आहेत. त्यांचा पगार त्यासाठीच असतो. काउंटरवरच्या मुलाचा पगार त्यासाठी नसतो.

येथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे बोट दाखवले जाईल. त्या कायद्याच्या व्याख्येत पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरलेला नाही; १९८६ च्या जुन्या कायद्यातही तो धरलेला नव्हता. मग दुकानानेही त्याला ग्राहक का मानावे? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण हा भेद कायदा कोठे करतो ते पाहावे. तो आयोगासमोर करतो. दोन्ही बाजू ऐकून, कागदपत्रे तपासून, विचारपूर्वक करतो. हेतू ठरवायला जिथे विद्वान न्यायाधीशांना तारखांवर तारखा लागतात, तिथे पाठीमागे पंचवीस माणसांची रांग उभी असताना बावीस वर्षांच्या मुलाने तो निमिषात ठरवावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

रेल्वेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४३ व्या कलमान्वये तिकिटांचा अनधिकृत धंदा करणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फोनच्या पुनर्विक्रीहून कितीतरी कडक तरतूद. तरीही खिडकीमागच्या तिकीटबाबूने चेहरा पाहून दलाल ओळखावा आणि चुकला तर त्याचा पगार कापावा, असे कोणी म्हटले नाही. धरपकड रेल्वे सुरक्षा दल करते. आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी आवश्यक केली गेली. हा नियम सर्वांना चांगला वाटतो असे नाही. पण तो नियम आहे, कोणाच्या नजरेवर आणि मर्जीवर टांगलेला नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येईल. पुनर्विक्री गुन्हा नसेल तर मर्यादा तरी कशाला, ज्याला जितके हवे तितके देऊन टाका, असे काही जण म्हणतील. हेही आम्हाला मान्य नाही. ज्यांनी परवाना-राज पाहिले त्यांना आठवत असेल की बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि ज्याचा नंबर लागे तो वरकमाई घेऊन स्कूटर दुसऱ्याच्या हवाली करी. चित्रपटगृहाबाहेर दबक्या आवाजात दुप्पट भाव सांगणारे ब्लॅकवालेही कोणी विसरलेले नाही. त्या व्यवस्थेत भरडला जाई तो ओळख नसलेला, वर द्यायला पैसे नसलेला साधा माणूस. आजही पहिल्या आठवड्यात सारा माल मूठभरांनी उचलला तर दोन वर्षे पैसे साठवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. मर्यादा असावी. पण ती छापील असावी, सर्वांना सारखी असावी आणि तिचा अर्थ लावण्याचे काम विक्रेत्याच्या अंतर्ज्ञानावर सोपवलेले नसावे.

बाहेरच्या देशांतील दोन उदाहरणे या भेदावर प्रकाश टाकतात. १३ जानेवारी २०१२ रोजी बीजिंगच्या सान्लितुन भागातील अ‍ॅपलच्या दुकानाबाहेर आयफोन ४एससाठी रात्रभर गर्दी जमली. तीत पुनर्विक्रेत्यांनी रोजंदारीवर आणून उभी केलेली माणसे मोठ्या संख्येने होती. चिनी बोलीत अशा धंदेवाल्यांना ‘पिवळे बैल’ म्हणतात. गर्दी पाहून दुकान उघडलेच नाही, तेव्हा चिडलेल्या लोकांनी दुकानावर अंडी फेकली, पोलीस आले आणि कंपनीने बीजिंग व शांघायमधील आपल्या दुकानांत त्या फोनची विक्री काही काळ थांबवली. थंडीत कुडकुडत उभे राहिलेले रोजंदार आणि काचेआड उभे असलेले नोकर, दोघेही हातावर पोट असलेले. ज्यांचा नफा पणाला लागला होता ते दोन्ही पक्ष तिथे नव्हतेच.

दुसरे उदाहरण जपानचे. तिथे परदेशी पर्यटकांना खरेदीवर उपभोग कर माफ असे. मात्र पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालावर ही माफी नाही. अ‍ॅपलच्या जपानी शाखेने पर्यटकांना एकगठ्ठा फोन करमुक्त विकल्याचे तपासात आढळले. एका व्यवहारात तर एकाच व्यक्तीने शेकडो फोन घेतले होते. सुमारे १३ अब्ज येनचा वाढीव कर आकारला गेल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तो कर कंपनीकडून मागितला गेला, काउंटरवरच्या नोकराकडून नव्हे. पुढे जपान सरकारने पद्धतच बदलण्याचे ठरवले. नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात आधी पूर्ण कर भरायचा आणि माल देशाबाहेर नेताना सीमाशुल्क तपासणीनंतर तो परत मिळवायचा, अशी ही नवी व्यवस्था. म्हणजे हेतूची पारख दुकानाच्या काउंटरवरून उचलून, ज्यांचे ते काम आहे त्यांच्याकडे नेली. अशी सुधारणा अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्याकडे मात्र रागाचा पहिला तडाखा खातो तो तोच मुलगा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या कमला नगर बाजारात नवा आयफोन मिळायला उशीर होतो आहे या वादातून गिऱ्हाइकांनी दुकानातल्या कर्मचाऱ्यांना मारहाण केल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दुकानाबाहेर रांगेतच हाणामारी झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. या दोन्ही ठिकाणी पुनर्विक्रेते होते की नव्हते हा प्रश्नच नाही. मुद्दा हा की मालाच्या टंचाईचा संताप नेहमी जवळच्या माणसावर निघतो, आणि जवळचा माणूस म्हणजे किंमत ठरवणारा नव्हे, तर खोके हातात देणारा. त्याच्या हाती ‘तुम्ही धंदेवाले दिसता, तुम्हाला देणार नाही’ असे सांगण्याचे काम देणे म्हणजे त्याला ढाल न देता लढाईत पुढे उभे करणे होय.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. एका व्यक्तीला किती दिवसांत किती नग मिळतील, हे दुकानाच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत लिहावे; आमच्या शहरात ते तेलुगू, उर्दू आणि हिंदीत लिहावे, आणि जिथे मराठी गिऱ्हाईक येते तिथे मराठीतही लिहायला हरकत नसावी. ही मर्यादा बिलाच्या संगणकाने पाळावी, विक्रेत्याच्या डोळ्यांनी नव्हे. पंधरा अंकी क्रमांक आणि खरेदीदाराची नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांना हे करणे सहज शक्य आहे. अपवाद करायचा असेल, जुळ्या लेकींच्या बापाला दुसरा फोन द्यायचा असेल, तर तो व्यवस्थापकाने आपल्या सहीने करावा. महिनाअखेरीस टार्गेटसाठी एकगठ्ठा माल काढायचा असेल तर त्यावरही त्याचीच सही असावी. एवढी एक अट घातली तरी कित्येक साहेबांचा हळू आवाज कायमचा बंद होईल.

आणि शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. पुढे फोन कोठे सुरू झाला यावरून विक्रेत्याचे एका पैशाचेही नुकसान होता कामा नये. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वेतनातून कोणकोणत्या कारणांनी कपात करता येते हे तिच्यात मोजून सांगितले आहे. ‘गिऱ्हाइकाचे मन ओळखता आले नाही’ असे कारण आम्हाला तरी त्यात आढळले नाही. इन्सेन्टिव्ह म्हणजे वेतन नव्हे, असा शब्दच्छल मालक करतील. मूळ पगार तुटपुंजा ठेवून घरखर्च इन्सेन्टिव्हवर चालवायला लावायचा आणि मग ते वेतन नव्हे म्हणायचे, हा शब्दच्छल कायद्याच्या दृष्टीने टिको वा न टिको, माणुसकीच्या दृष्टीने टिकत नाही. दुकानातल्या नोकराला बसायला खुर्ची मिळावी एवढ्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ज्या समाजाला खुर्चीसाठी कायदा लागतो त्याने या बाबतीत मालकांच्या चांगुलपणावर विसंबून राहू नये.

गिऱ्हाइकांसाठीही एक शब्द. आपल्या ओळखीचा मुलगा दुकानात आहे म्हणून त्याला रात्री फोन करून ‘दोन नग बाजूला काढून ठेव’ असे सांगणारे काका-मामा आपल्यात थोडे नाहीत. तो मुलगा भिडेपोटी ‘हो काका’ म्हणतो आणि नियम मोडतो. मग दुसऱ्या दिवशी रांगेतल्या एका अनोळखी माणसाला त्याच नियमावर बोट ठेवून परत पाठवतो. काका सुशिक्षित, म्हणून ते गिऱ्हाईक; रांगेतला माणूस मळक्या सदऱ्याचा, म्हणून तो धंदेवाला. पुनर्विक्रेत्याला शिव्या घालण्याआधी आपण त्या मुलाच्या नियमाला किती छिद्रे पाडतो हे मोजावे.

पारख हा शब्द सोन्या-रत्नांच्या बाजारातलाही. पारखी रत्न पारखी, माणूस नव्हे. आणि पारखण्याची किंमत त्याला मोजून मिळे. आज ज्यांच्याकडून फुकटात माणसांची पारख करून घेतली जाते, त्यांच्या अंगावर रंगीत सदरा आहे आणि छातीवर नावाची पट्टी आहे. त्या पट्टीवर ‘आपल्या सेवेस तत्पर’ असे लिहिलेले असते, पहारेकरी असे कोठेही लिहिलेले नसते. मालकांनी एक तर ती पट्टी बदलावी, नाही तर तिच्यावर लिहिलेल्या शब्दांचा मान राखावा.